ठेंगणीला चार चाकं

७ जानेवारी १९७९, रविवार

शिरोळहून दादा आला आणि पाटावर बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. गाडी विकायची. गिऱ्हाईक गोव्याचं, समुद्रावर हॉटेल आहे त्याचं. ठेंगणी त्याला हॉटेलच्या दारात उभी करायची आहे, लोकांनी शेजारी उभं राहून फोटो काढावेत म्हणून. १८ फेब्रुवारीच्या रविवारी ट्रक घेऊन येणार. दादाने शब्दही दिलाय.

मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकायची राहिली आणि परातीत फाटली.

गाडी काकांची. ५३ सालची विलायती, दोन माणसांची, वरून उघडी, इतकी बुटकी की म्हशीच्या पोटाखालून पलीकडचं दिसतं. विलायतेला परत जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून काकांनी घेतली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. ठेंगणी हे नाव मी ठेवलं. चालवायलाही मी हिच्यावरच शिकले. चार वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या वळणावर मागच्या चाकाच्या सायकलसारख्या तारा पटापट तुटल्या. काकांनी ती बैलगाडीवर चढवून घरी आणली आणि त्यानंतर एकदाही आत बसले नाहीत.

मी म्हटलं, विकायची नाही. दादा हसला. म्हणाला, तू आज ना उद्या सासरी जाशील, काकांना दिसत नाही, गाडी काय उंदरांसाठी ठेवायची? बत्तीस वर्षांच्या बहिणीला सासरी धाडायची याची चिकाटी मानली पाहिजे.

काका आमटी ओरपत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "चालत न्हाय ती गाडी न्हवं, कपाट हाय. तुला पायजे ना? गगनबावड्याला जाऊन माघारी ये, तिच्या सोताच्या चाकावर. मग गाडी तुझी. न्हाय जमलं तर पावणं घिऊन जाऊ देत."

दादा म्हणाला, ठरलं. मीही म्हटलं, ठरलं. सहा आठवडे आहेत. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत नाहीये.


८ जाने., सोम.

इंजिनाची काळजी नाही. चार वर्षं दर रविवारी मी ते चालू करून पंधरा मिनिटं फिरवलंय. दादा याला माझं व्रत म्हणतो. ब्रेकचं रबर बदललं. प्रश्न चाकांचाच.

तारांची चाकं गेलीच आहेत. काकांच्या जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने रिम टोचली तर टोक आरपार. तारा बदलून उपयोग नाही. अशी रिम इथे कुणाकडे नाही, आणि विलायतेहून मागवायची तर वर्ष जाईल.


१० जाने.

शोध लागला! (कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण आयुष्यातला पहिला शोध आज.) तारांचं चाक ज्या दातेरी तुंब्यावर बसतं तो तुंबा मुळात वेगळा आहे. चार नट काढले की सगळाच बाहेर येतो. आत ब्रेकचा ड्रम आणि त्यावर चार सरळ बोल्ट. म्हणजे हिला साध्या गाडीसारखं पत्र्याचं चाक लागू शकतं. फक्त बसायला हवं.

लॅबमधला व्हर्निअर पर्समधून घरी आणला. चोरी नाही, उद्या परत नेणार. मापं:
बोल्ट चार. त्यांच्या मधून जाणारं वर्तुळ साडेचार इंच.
मधला उंचवटा तीन इंचांच्या आत.
टायर पंधराचा.
आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे चाकाची रुंदी बरोबर मध्यावर कापली, तर ज्या पाटीला बोल्ट बसतात ती त्या रेषेच्या पाऊण इंच बाहेरच्या अंगाला हवी. म्हणजे टायर आत सरकून मडगार्डखाली झाकला जातो. कमी झालं तर बाहेर घासेल, जास्त झालं तर आत.


१३ जाने., शनि.

तीन दिवस भंगारबाजार. पर्सऐवजी झोळी, झोळीत पुठ्ठ्याची चकती, चकतीला माझ्या मापाची चार भोकं. ढिगातल्या प्रत्येक चाकावर चकती लावून बघायची.

जीपचं चाक – पाच भोकं. टॅक्सीचं – पाच. एक लहान मोटारीचं मिळालं, भोकं चार! उडी मारली मी. चकती लावली तर वर्तुळ अर्ध्या इंचाने लहान. भंगारवाला म्हणाला, "बाई, भोकं जरा वडून घ्या की." बोल्टाची भोकं ओढून घेतली तर पहिल्याच वळणाला चाक माझ्या पुढे पळेल, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग चाकच जिंकलं म्हणायचं.


१४ जाने., रवि.

संक्रांत. तीळगूळ वाटून झाल्यावर काकांना विचारलं, जुन्या गाड्यांना दुसरी चाकं घालतात का कुठे? त्यांनी दुसरा लाडू उचलला. रस्ते खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर होते. गगनबावड्याचा रस्ता दगड न् दगड पाठ. पण ठेंगणीचा विषय काढला की कान बंद. मोतीबिंदू डोळ्यात आहे, कानात नाही.


१६ जाने., मंगळ.

रद्दीच्या दुकानात एक जुनं इंग्रजी मोटारींचं मासिक मिळालं. त्यात जवळजवळ ठेंगणीसारखीच गाडी, आणि तिला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं! चकाकणारी, आठ भोकांची, हलकी. पान फाडून घेतलं.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ओतीव. ओतीव म्हणजे ओतलेलं. आणि मी राहते कुठे? कोल्हापुरात. जिथे दर चौथ्या गल्लीत भट्टी आहे, जिथल्या ओतीव इंजिनांवर निम्म्या महाराष्ट्राचा ऊस भिजतो. विलायतेहून चाक कशाला मागवू? उद्यमनगर सायकलने वीस मिनिटं.


१७ जाने., बुध.

हुसेनचाचांकडे गेले. हे पॅटर्न करणारे मिस्त्री. जी वस्तू लोखंडात ओतायची ती आधी हे लाकडात करून देतात, मग तिचा साचा वाळूत उठतो. काकांची ओळख जुनी, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला ताई म्हणतात. आयुष्यभर ऑइल इंजिनांची फ्लायव्हीलं केली. शेड सागवानाच्या भुशाने भरलेली, वास असा की तिथेच बसावं.

मासिकातलं पान दाखवलं. चष्मा लावून पाच मिनिटं बघत होते.

"मोटारीचं चाक आजवर केल्यालं न्हाय," म्हणाले. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "म्हणूनच करायचं."

धातू जुन्या पिस्टनांचा. तो चिवट असतो म्हणे. पाच चाकं, चार आणि एक स्टेपनी. फक्त कागदावर नीट काढून आणा म्हणाले.

सायकलवरून घरी येताना मी मोठ्याने गात होते. रस्त्यातल्या एका विद्यार्थ्याने नमस्कार केला आणि सायकल वळवून पळाला.


१९ जाने.

ड्रॉइंग पूर्ण. उभा छेद, समोरून, सगळी मापं इंचात. रात्रीचं जेवण काकांनी स्वतः वाढून घेतलं. इतकं स्वच्छ ड्रॉइंग मी एम.एस्सी.लासुद्धा काढलं नव्हतं. धातू निवताना आकसतो, त्यासाठी किती सोडायचं ते चाचांवर टाकलं, त्यांची पट्टीच त्या हिशेबाची असते.


२१ जाने., रवि.

लाकडी चाक आकार घेतंय. मी हात लावला तर चाचांनी हातावर चापट मारली. बसायला स्टूल दिलं, बोलायला परवानगी नाही. समोरची बाजू कागदाने झाकून ठेवलीय. काय आहे विचारलं तर, "त्ये वतल्यावर बघायचं."


२६ जाने., शुक्र.

झेंडावंदन, मग धावत उद्यमनगर. चाचांनी सांगितलं, येत्या मंगळवारी आधी एकच चाक ओतू, गाडीला लावून बघू, मग बाकीची. शहाणा माणूस.


२८ जाने., रवि.

घोटाळा. म्हणजे घोटाळा की आनंद, अजून कळत नाही. चाचांकडून निरोप आला की पाचही चाकं कालच ओतून झाली.

झालं असं. आज अमावास्या. अमावास्येला चाचा ज्याच्याकडे ओतून घेतात त्या भट्टीवाल्याची भट्टी पेटत नाही, त्याचीच काय, त्या लायनीत कुणाचीच नाही. उद्या सोमवार, उद्यमनगरची सुट्टी. मंगळवारपासून भट्टीवाल्याकडे एक मोठं काम आलंय, ते दहा दिवस हलणार नाही. तेव्हा शनिवारी धातू वितळवायची मूस तापली होती तोवर चाचांनी पाचही उरकून घेतली. माझी काल प्रॅक्टिकलची परीक्षा, दिवसभर मुलांना लंबक मोजायला लावत बसले होते.

पाच चाकं! वाळूतून निघालेली, अजून कोमट असतील. मंगळवारपर्यंत कसं थांबायचं?


३० जाने., मंगळ.

बघितली.

समोरच्या बाजूला, कागदाखाली जे लपवलं होतं ते, आठ पाकळ्या. मी फक्त आठ भोकं काढली होती. चाचांनी प्रत्येक दोन भोकांमध्ये एक उठावाची पाकळी कोरली, देठाशी बारीक, टोकाशी रुंद, मध्ये एक शीर. धातूत ती शीरसुद्धा जशीच्या तशी उतरलीय. मासिकातलं चाक याच्यापुढे वाटीसारखं दिसतं.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चाचा म्हणाले, काय ताई, कागदातलं काय ऱ्हायलं का? मी म्हटलं, उलट जास्तच आलंय.


३ फेब्रु., शनि.

लेथवर रिमा कातून, भोकं पाडून चाकं आली. पहिलं चाक ड्रमवर चढवलं. चारही बोल्ट अचूक, मधला उंचवटा अचूक, टाळ्या वाजवाव्यात असं. टायर चढवलेलं दुसरं आणून लावलं.

टायर मडगार्डच्या बाहेर.

दीड इंच बाहेर. बेडकाच्या पायासारखं. स्टिअरिंग फिरवलं की मडगार्डची कड टायरात घुसते. पाचही चाकं तशीच, कारण पाचही एकाच लाकडाची पोरं.


४ फेब्रु., रवि.

चाचांशी भांडले. इतकं वाईट भांडले की शेजारच्या शेडमधली माणसं येऊन उभी राहिली. पाऊण इंच बाहेर सांगितलं होतं, तुम्ही पाऊण इंच आत केलं, कागद वाचता येत नाही तर सांगायचं होतं, असं काहीबाही. चाचा उठले. आत जाऊन माझं ड्रॉइंग घेऊन आले आणि माझ्यासमोर पसरलं.

"गाडी कुठल्या अंगाला हाय, त्ये दावा."

मी बोट ठेवलं. डावीकडे. अर्थातच डावीकडे, मी तसंच काढलं होतं.

"लिवलंय कुठं?"

लिहिलं नव्हतं.

त्यांच्याकडच्या प्रत्येक कागदावर इंजिन उजव्या हाताला असतं. त्यांच्या वस्तादाकडेही तसंच होतं. सगळी फ्लायव्हीलं तशीच, चाळीस वर्षं. त्यांनी उजवीकडे गाडी धरली आणि बाकी सगळं माझ्या कागदाप्रमाणे तंतोतंत केलं. जी माझी आतली बाजू, ती त्यांची बाहेरची. पाकळ्यासुद्धा म्हणूनच त्या बाजूला.

आकृतीला नावं दिली नाहीत म्हणून दर वर्षी मी मुलांचे निम्मे मार्क कापते. अकरा वर्षं कापतेय. परवाच्या परीक्षेत एका मुलीला याच कारणाने रडवलं.

चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, इचारायला पायजे हुतं मी पन. आम्ही दोघं भुशात बसून चहा प्यायलो. भट्टी आठवडाभर मिळणार नाही. पुन्हा लाकूड, पुन्हा वाळू, पुन्हा लेथ. १८ तारीख गेली.

दादाला मात्र अजून कळवत नाही.


६ फेब्रु., मंगळ.

कॉलेजात लक्ष नाही. त्या मुलीला बोलावून मार्क वाढवले. ती घाबरलीच.


७ फेब्रु., बुध.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी शेडमध्ये चाकांकडे बघत बसले होते. मागून काठीचा आवाज. काका. चार वर्षांत पहिल्यांदा गाडीच्या शेडमध्ये. उलट्या बादलीवर बसले. मी सगळं सांगितलं, कागद, उजवीकडे-डावीकडे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. एक चाक भिंतीला टेकून उभं होतं. काकांनी वाकून त्याच्या पाकळ्यांवरून बोटं फिरवली. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून बोटांनी बघतात. मग काठीने ते चाक पाडलं. धाडकन पालथं.

"उलटं बसवा की," म्हणाले, आणि उठून गेले.

मी तिथेच. पालथं चाक. पाऊण इंच आत आहे ते उलटं केलं की पाऊण इंच बाहेर. अहो, बरोबर! जे बिघडलंय ते फक्त दिशेत बिघडलंय. मापात नाहीच!

सायकल काढली, चाचांकडे. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की पायात चप्पल नाही.


८ फेब्रु.

उलटं बसवून पाहिलं. टायर मडगार्डखाली, सगळीकडे बोटभर जागा. जागच्या जागी नाचले.

दोन अडचणी. एक, नट बसायच्या तिरक्या खाचा आता दुसऱ्या बाजूला पाडाव्या लागतील. ते लेथचं काम, सोपं. दोन, पाकळ्या. त्या आता आतल्या बाजूला गेल्या आणि पाव इंच उठाव असल्यामुळे ड्रमला टेकतात. चाक ड्रमवर सपाट बसतच नाही.

पाकळ्या कातून काढाव्या लागणार.

मी नटांच्या खाचांचंच बोलत राहिले. चाचांनीच चाकाखाली हात घालून बघितलं आणि हात पुसत म्हणाले, लेथवर मी सोता घिऊन जातो, दुसऱ्याला देऊ नका.


१० फेब्रु., शनि.

लेथपाशी उभी होते. चाचा मशीनवाल्याला बाजूला करून स्वतः हँडलवर. धातूची चांदीसारखी सालं निघत होती, आणि एकेक पाकळी सपाट होत होती. मी दुसरीकडे बघत होते. त्यांनी मात्र नजर काढली नाही.

पाकळ्यांची टोकं राहिली. ड्रम तिथवर पोचत नाही, तेव्हा तिथे कातायची गरज नव्हती. चाकाच्या आतल्या कडेला आठ टोकं, जी चाक काढल्याशिवाय कुणालाही दिसणार नाहीत. मी म्हटलं, चाचा, सगळी दुनिया बाहेरून बघणार, आणि बाहेरून हे तव्यासारखं सपाट.

"आसू दे," म्हणाले. "आपल्याला ठावं हाय की."

मला ते पुरलं नाही. त्यांना पुरलं की नाही, माहीत नाही.


१२ फेब्रु., सोम.

उद्यमनगरला सुट्टी, चाचा घरीच आले. तडे तपासले. चाचांची रीत अशी. चाकाला रॉकेल चोपडायचं, अर्ध्या तासाने कोरडं पुसायचं, वर खडूची पूड. कुठे बारीक तडा असेल तर आत गेलेलं रॉकेल पुडीवर ओल्या रेषेसारखं उमटतं. खडू कॉलेजचे, एक पूर्ण खोकं.

चार चाकं कोरडी ठणठणीत. पाचव्यावर एका भोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ. चाचांनी ते तिथल्या तिथे घणाने फोडलं. कुणी चुकून लावायला नको म्हणून.

म्हणजे चार चाकं आहेत. स्टेपनी नाही.


१४ फेब्रु., बुध.

ठेंगणी चार वर्षांनी रस्त्यावर. शेडमधून बाहेर आणली तेव्हा गल्लीतली सगळी माणसं दारात. रंकाळ्याला एक फेरी. स्टिअरिंग लोण्यासारखं. तारांच्या चाकांवर कायम एक किरकिर असायची, ती गेली. वारा तोंडावर, केस सुटलेले, आणि मी बत्तीस वर्षांची प्राध्यापिका वेड्यासारखी हसत होते. मला ही गाडी हवीय. कुणी मागितली म्हणून नाही, कुणी दिली म्हणून नाही. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मी स्वतः निवडल्या, त्यातली ही एक आहे.

फेरी संपल्यावर नट बघितले. चारही चाकांचे ढिले. चाचा म्हणाले, ॲल्युमिनियम मऊ, नट रुतून जागा करून घेतो. दर दहा मैलांनी आवळायचे, जागा झाली की मग हलणार नाहीत.


१५ फेब्रु.

तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला नट पाव आटाच फिरले.

काका जेवताना म्हणाले, शनिवारी किती वाजता? मी म्हटलं सहाला. म्हणाले, "मी येतोय." भाजी वाढायचा डाव माझ्या हातातून पडला.


१६ फेब्रु., शुक्र.

दादाचा फोन कॉलेजात आला, प्राचार्यांच्या टेबलावर. गोव्याची माणसं उद्या रात्री कोल्हापुरात उतरणार, रविवारी सकाळी आठला ट्रक दारात. चाकं मिळाली का, विचारलं. मिळाली म्हटलं. कुठून? म्हटलं, माझ्याच चुकीतून. त्याला वाटलं लाइन खराब आहे.

चाचांनी निरोपादाखल लांब दांड्याचा पाना दिला. म्हणाले, माझ्या मनात चार दिवस एकच हाय, पाचवं तडकलं तर ही चार का न्हाय तडकली. मी विचारलं, मग जाऊ नको? त्यांनी पाना माझ्या झोळीत घातला आणि म्हणाले, जा. तिकडनं फोन करा.


१७ फेब्रु., शनिवार. गगनबावडा, सकाळी साडेदहा

पोचलो!

एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत बसून लिहितेय. टेबल डगमगतंय, अक्षर लागलं तर लागलं.

सहाला निघालो. काका कानटोपी घालून शेजारी, दोन्ही हातांनी दाराची कड घट्ट धरलेली. कळ्याला पहिल्यांदा नट आवळले, हलले नाहीत. साळवणला दुसऱ्यांदा, हलले नाहीत. काकांनी दाराची कड सोडली नव्हती. मला वाटलं रागावलेत. पुढे चढ लागला. वळणावर वळण, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी दुसऱ्या गिअरमध्ये, कान चाकांकडे. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं आता आवाज येणार. येत नव्हता. एका मोठ्या वळणावर मी बघितलं, तर काकांचे हात दाराच्या कडेवर नव्हते. मांडीवर होते.

वर आल्यावर गाडी थांबवली. खाली उतरून मी चारही चाकं हाताने चाचपली, खडू फिरवला, रेघ कुठेच नाही. चाचांना फोन लावायचाय, पोस्ट अजून उघडलं नाही.

टपरीवाल्याने चाकांकडे बघून विचारलं, पावणं, ही विलायती का हो? काका म्हणाले, "न्हाय. आमच्या हुसेन मिस्त्रीची."

मग चहा आला आणि काका, बशी तोंडाला लावायच्या आधी, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन्हाळ्याला त्या दिवशी भ्यालो मी. डोळं गेलं म्हणून गाडी सोडली न्हाय. भ्यालो म्हणून सोडली. दादाला गिऱ्हाईक बघ म्हणून मीच सांगिटलं."

सहा आठवडे मी दादावर चिडले होते.

काका चहा प्यायले. बशी ठेवली. काठीने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं, कोकणात उतरतो तो घाट. "खाली जाऊया," म्हणाले. "दर्या बघून यू."

मी म्हटलं, काका, उद्या सकाळी आठला माणसं येतील. दादाने शब्द दिलाय. तुमची अट पुरी व्हायला आज घरी पोचायला हवं. आणि हा घाट उतारावरचा, ब्रेक तापणार, चाकं तापणार, स्टेपनी नाही. आत्तापर्यंत चढलीत, उतरतील की नाही मला माहीत नाही. खरं म्हणजे आज पहिल्यांदा मलाच भीती वाटतेय.

"मलाबी," काका म्हणाले, आणि उठून गाडीत जाऊन बसले.

अकरा वाजले. घरी परतायची वाट मागे, डाव्या हाताला. दुपारी तीनपर्यंत पोचेन आणि गाडी माझी होईल, दादाला काही बोलता येणार नाही. घाट उतरून दर्या बघायचा म्हणजे आज माघारी जाणं नाही. मी अजून काही ठरवलेलं नाही. पोस्ट उघडलं, चाचांना फोन लागला. चाकं बरी आहेत म्हटलं. ते विचारत होते, मग निघाला का माघारी? मी म्हटलं, सांगते.

सोळाही नट पुन्हा आवळले. एकही हलला नाही. काकांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवलीय.